हसू भरायचं काम

आमच्या कार्यक्रमात जी माणसं हसायची, त्यांच्यातलं एकही कधी स्टुडिओत आलं नाही. स्टुडिओ म्हणजे डहाणूच्या बाजारातल्या किराणा दुकानावरची एक खोली. त्यात तीन खुर्च्या, एक टेबल, आणि मागच्या भिंतीवर चिकटवलेलं हिरव्यागार मैदानाचं चित्र. पाहुण्यासाठी चौथी खुर्ची आणली की कॅमेऱ्याच्या स्टँडला जागा उरत नसे, मग त्याचा एक पाय जिन्याच्या पायरीवर ठेवून खाली पुठ्ठा घालावा लागे. अशा ठिकाणी प्रेक्षक कुठे बसवणार? तरीही दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता डहाणू-तलासरीच्या घरांतून पन्नासेक माणसं खदखदून हसल्याचा आवाज यायचा. तो आवाज मी भरत असे.

मी या चॅनेलची एडिटर होते. चॅनेल म्हणजे आपलं गावातलं केबलचं. सकाळी आरत्या, दुपारी जुने सिनेमे, संध्याकाळी तालुक्याच्या बातम्या आणि मधेमधे साड्यांच्या सेलच्या पट्ट्या. माझं मूळ काम लग्नाच्या शूटिंगचं. नवऱ्याबरोबर सुरू केलं, तो गेल्यावर एकटीने चालवलं. कॅमेरा खांद्यावर टाकून तलासरीच्या डोंगरापासून डहाणूच्या बंदरापर्यंत मी किती मांडव पालथे घातले, ते मलाही सांगता येणार नाही. पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि बसून करण्यासारखं काम हवं झालं, तेव्हा केकीभाईंनी बोलावलं.

केकीभाई पारशी, त्यांची चिकूची वाडी. चॅनेलही त्यांचं. त्यांना स्वतःला टीव्हीवर दिसायची फार हौस, आणि क्रिकेटवर बोलायची त्याहून. म्हणून त्यांनी 'थर्ड अंपायर झोपलाय' नावाचा कार्यक्रम काढला. आठवडाभर आजूबाजूच्या गावांत जे काही खेळलं गेलं असेल, टेनिस बॉलचं क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल, त्यावर तीन जणांनी बसून अर्धा तास टवाळी करायची. केकीभाई सूत्रधार. त्यांच्या उजवीकडे राऊत सर, कोसबाडकडच्या शाळेतून रिटायर झालेले पी.टी.चे शिक्षक. नियम सांगण्याचं काम त्यांचं. डावीकडे हिराकाकी. हिराकाकी बंदरावरची, सकाळी बाजारात मासळी विकायची आणि दुपारी आमच्याकडे येऊन गावोगावच्या संघांची सालं काढायची. कॅच सोडणाऱ्या फिल्डरला ती एकदा म्हणाली होती, "मेल्या, माझ्या पाटीत हात घालून बघ, बोंबील पण तुझ्यापेक्षा घट्ट असतो." त्यानंतर कार्यक्रम तिच्याच नावाने ओळखला जाऊ लागला, आणि केकीभाई दोन आठवडे गप्प होते.

आता हसण्याचं सांगते. पहिले दोन भाग हसण्याशिवाय गेले. केकीभाई विनोद करायचे आणि विनोदानंतर शांतता. त्या शांततेत खालच्या दुकानातला तराजू आपटल्याचं ऐकू यायचं. भाग बघून ते माझ्यावरच उखडले. "मंदा, हे काय श्मशान छे? खाली जागा, रिकामी जागा म्हणजे काय माहीत हाय? खाली जागा म्हणजे लोकांच्या हातात रिमोट." त्यांनी बाजारातून हसण्याची एक सीडी आणली. ती परदेशी माणसांची होती. ती लावली तर हिराकाकीच्या बोंबलावर कुणीतरी लांब देशातले साहेब लोक हसतायत असं वाटायचं. मग मला सुचलं की माझ्याकडे लग्नांच्या इतक्या टेप पडल्या आहेत, त्यात हसण्याशिवाय दुसरं काय आहे?

महिनाभर बसून मी हसू वेचलं. हळदीत अंगाला फासताना निघालेलं, नवऱ्याची चप्पल लपवल्यावरचं, बायकांनी व्याह्याच्या नावाने गाणी म्हटल्यावरचं. प्रत्येक तुकडा कापून त्याला गावाचं आणि प्रसंगाचं नाव दिलं. कैनाड हळद दोन. उधवा वरात एक. रानशेत मांडव चार. काम करता करता कळलं की गावागणिक हसणं वेगळं असतं. बाजारातली माणसं थोडकं हसतात आणि लगेच आजूबाजूला बघतात. बंदरावरचं हसणं टाळी देऊन येतं. आत पाड्यांवरच्या बायका एकीने सुरुवात केली की लांबवर हसत जातात, आणि शेवटी कुणीतरी 'अगं बाय' म्हणून उसासा टाकते, तो उसासा सगळ्यात छान. मी नियमच करून टाकला की पाहुणा ज्या बाजूचा, हसू त्या बाजूचं लावायचं. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला त्याचा अभिमान होता. मुंबईच्या मोठ्या चॅनेलवालेही एवढी बारकाई करत नसतील, असं मी मनात म्हणत असे.

लोकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना खरंच वाटायचं की वरच्या मजल्यावर प्रेक्षक बसतात. पास मागायला माणसं यायची. तलासरीचे एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन, सरळ जिना चढून आले आणि म्हणाले, "पुढच्या रांगेत दिलंत तरी चालेल." मी त्यांना चहा पाजला आणि आज शूटिंग नाही असं सांगितलं. एका व्हॉलीबॉलच्या कप्तानाने तक्रार केली की त्याच्या उत्तराला कमी हसू पडलं आणि समोरच्या संघाच्या कप्तानाला जास्त, हा पक्षपात आहे. त्याचं खरं होतं, त्याच्या गावच्या हसण्याचा माझ्याकडे एकच तुकडा होता.

हे सगळं गमतीचं वाटत होतं. देवजीदादा येईपर्यंत.

देवजीदादा रानशेतचे. दोन एकर भातशेती, आणि कबड्डीचे पंच. आमच्याकडे आतल्या गावांतून कबड्डीच्या स्पर्धा भाताची कापणी झाली की सुरू होतात, त्या होळीपर्यंत चालतात. मैदानावर फक्कीच्या, म्हणजे पांढऱ्या पुडीच्या रेषा मारलेल्या असतात. पाच-दहा चढाया झाल्या की रेषा पायाखाली पुसून जातात, आणि मग पाय आत होता की बाहेर हे फक्त पंचाच्या डोळ्यावर राहतं. म्हणून पंच कोण याला फार महत्त्व. स्पर्धेच्या आठ दिवस आधी गावचे खेळाडू पंचाच्या घरी नारळ घेऊन जातात. त्याने नारळ घेतला म्हणजे तो येणार, आणि त्या दिवशी त्याचा शब्द शेवटचा. देवजीदादांच्या घरी इतकी वर्षं सगळ्यात पहिला नारळ त्यांच्या स्वतःच्या गावाचा जायचा.

त्या साली तलासरीला एका मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना होता, रानशेत आणि उधव्याच्या संघात. पंच देवजीदादा. दोन्ही गावांनी त्यांना मान्य केलं होतं, यावरून माणसाची किंमत कळावी. शेवटची चढाई रानशेतची, चढाई करणारा दिनेश, देवजीदादांच्या बहिणीचा मुलगा. त्याने दोन गडी शिवले आणि परतला. गाव मैदानात उतरून नाचायला लागलं. देवजीदादांनी शिट्टी मारून दिनेशचा पाय बाजूच्या रेषेबाहेर गेला म्हणून त्याला बाद दिलं. रानशेत एका गुणाने हरलं. रेषा केव्हाच पुसली गेली होती, दाखवायला काही नव्हतं.

त्या दिवसापासून गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिव्या नाहीत. ते पारावर आले की दुसरे उठत. गावच्या स्पर्धेला दोन महिने उरले होते आणि नारळ येईल असं काही दिसत नव्हतं.

केकीभाईंना ही बातमी लागली तेव्हा त्यांचे डोळे चमकले. स्वतःच्या गावाला हरवणारा पंच! त्यांनी निरोप धाडला. मला वाटलं, कोण येतंय टवाळी करून घ्यायला. पण देवजीदादा आले. धुतलेला पांढरा शर्ट, खांद्यावर गमछा. मी त्यांच्या शर्टाला माइक लावत होते तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "ताई, हा रानशेतला दिसतो ना? सगल्या घरांत?"

"दिसतो की."

"मग चालेल." आणि ते पाठ ताठ करून बसले.

सुरुवात झकास झाली. केकीभाईंनी विचारलं, "देवजीदादा, त्या मॅचनंतर घरी जेवण मिळतं का?" त्यावर ते जराही न हसता म्हणाले, "मिलतं. मीठ कमी असतं." मी कॅमेऱ्यामागे तोंडात पदर कोंबला. राऊत सरांनी नियम समजावला. मग केकीभाई म्हणाले, "आता सांगा, काय झालेलं?" आणि देवजीदादांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. पाहुण्यांनी केकीभाईंकडे बघायचं असतं, पण त्यांना टोकायचं मला सुचलं नाही. ते थांबून थांबून बोलणारे. एक वाक्य बोलायचे, गप्प बसायचे, मग दुसरं.

"पाय बाहेर होता."

"मी पाहिला."

"भाचा माझा होता, म्हणून खाली वाकून पाहिला."

"गावानं मना बोलायचं टाकलं, तर टाकू द्या. पण खोटा पंच बोलू नका."

एवढंच. मधल्या प्रत्येक जागेत तीन-चार सेकंदांची शांतता. शूटिंग संपलं, त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि बस पकडायला निघून गेले.

आता माझी चूक. शूटिंग गुरुवारचं, एडिटिंग शुक्रवारी. अर्ध्या तासाचा भाग, त्यातून जाहिराती वजा. वर्षानुवर्षं तेच काम केलं की माणूस ऐकत नाही, फक्त पडद्यावरच्या आवाजाच्या रेषा बघतो. बोलणं चालू असतं तिथे रेषेला काटे असतात, गप्प असतो तिथे ती सपाट. सपाट जागा दिसली की भरायची, हे माझ्या बोटांत बसलं होतं. देवजीदादांच्या त्या उत्तरात चार सपाट जागा होत्या. मी कॉम्प्युटरवरचा रानशेतच्या हसण्याचा डबा उघडला, माझ्या त्या लाडक्या नियमाप्रमाणे, आणि 'रानशेत मांडव चार' चारही जागी घातला. त्यात एका बाईचं फार मोकळं, ठसठशीत हसणं होतं. शेवटच्या जागी मी ते थोडं लांबवलंसुद्धा, कारण तिथून जाहिरात सुरू होत होती. मला वाटलं, सुंदर बसलं.

शनिवारी भाग गेला. रविवारी सकाळी पुन्हा गेला. सोमवारी हिराकाकी बाजार उठल्यावर रिकामी पाटी घेऊनच वर आली. ती कधी शूटिंगशिवाय यायची नाही. पाटी दारात ठेवून म्हणाली, "मंदा, तो माणूस बोलत होता तवा कोण हसला?"

मी म्हटलं, "काकी, तुला माहीत आहे ना, ते आपण नंतर घालतो."

"मना माहीत हाय. मी इचारते, कोण हसला? मी त्याच्या बाजूला बसलेली. केकी पण गप होता. कोण नाय हसला." आणि मग, "त्याच्या डोळ्यांत पाणी होता गो."

मी भाग लावून पाहिला. खरंच होतं. आणि त्या पाण्यावर एक बाई खळखळून हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी टमटमने रानशेतला गेले. कबूल करते, जाताना मला वाटत होतं की माफी मागू, देवजीदादा चांगले आहेत, हसून सोडून देतील. घर विचारत गेले तर रस्त्यातल्या एका म्हाताऱ्याने बोट दाखवलं, तोंडातून शब्द काढला नाही. घर कुडाचं, अंगण नुकतंच सारवलेलं. देवजीदादांची बायको लखमी सुपात नाचणी पाखडत होती. मी नाव सांगितल्यावर तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "ती मीच."

मला आधी समजलं नाही.

"हसली ती मीच. माझ्या पोरीच्या मांडवात. तूच आलेलीस ना कॅमेरा घेऊन? हा माणूस जल्मात नाचला नाय. त्या दिवशी पोरांनी बँजोपुढं ओढून नेला, आन हा नाचला. म्हणून मी हसली." तिने पदराने हात पुसले. "तो माझा हसणा तू याच्यावर टाकलास. आता सगला गाव बोलतो, त्याची बायको पण हसते त्याला."

मी शेकडो मांडव पाहिले होते. त्यांतलं कुठलं कुणाचं हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि लक्षात ठेवावं असंही कधी वाटलं नव्हतं. माझ्या दृष्टीने तो तुकडा नंबर चार होता. मी तिच्या अंगणात उभी राहिले आणि मला माझी लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

देवजीदादा मागून आले. त्यांनी मला बसायला खाट दिली, पाणी दिलं. रागावले असते तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "दादा, पुढच्या शनिवारी आम्ही जाहीर माफी मागतो."

"माफी नको," ते म्हणाले. "ते हसणं काढता येतं का?"

"येतं."

"मग काढ. आन जसा मी बोललो तसा दाखव. बीजं काय नको."

आमच्याकडे दुसऱ्याला बीजं म्हणतात, गुजरातीचा शेजार. मी हो म्हटलं आणि निघाले. लखमी उठली नाही. तिने सूप पुन्हा हातात घेतलं होतं.

केकीभाईंना सांगितलं तर ते खुर्चीतून उठले. "मंदा, गांडी थई गई? वेडी झाली काय? एक माणूस चूप बसलाय, तो लोक कशाला बघतील? आणि हसू कुठून आलं ते सांगितलं तर सगळ्या कार्यक्रमाची पोल खुलेल. पब्लिक बोलेल, आपण अकरा वर्षं उल्लू बनवलं." ते चुकीचं बोलत नव्हते. चॅनेल त्यांचं होतं, पगार तेच देत होते. मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी म्हटलं, "केकीभाई, तुम्ही दाखवणार नसाल तर हा कॉम्प्युटर चालवायला दुसरं कुणी बघा." दुसरं कुणी त्यांना मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "सांगायचं कोणी? तू?"

"नाही, तुम्हीच. लोक तुम्हाला ओळखतात."

त्या शनिवारी केकीभाईंनी विनोद न करता एक मिनिट बोलून दाखवलं. जन्मात एकदाच. "मागच्या वेळी देवजीदादा बोलले तेव्हा इथे कोणी हसलं नव्हतं. हसायचा आवाज आम्ही मागून टाकलेला. नेहमीच टाकतो. आता ते जसे बोलले तसे ऐका." आणि मग ते चार वाक्यांचं उत्तर, चार सपाट जागांसकट. मी शेजारी फोन घेऊन बसले होते. पहिल्या शांततेतच फोन वाजायला लागले. "आवाज गेलाय, तुमच्याकडे काही बिघडलंय का?" मी प्रत्येकाला म्हटलं, बिघडलं नाही, ऐकत राहा.

केकीभाईंचं भाकीत खरं ठरलं. लोक चिडले. ज्यांना पास हवे होते ते जास्त चिडले. तलासरीच्या त्या इस्त्रीवाल्या गृहस्थांनी एक पत्र लिहिलं, त्यात 'विश्वासघात' हा शब्द दोनदा होता. आम्ही हसू भरणं बंद केलं, आणि मग कळलं की केकीभाईंचे विनोद खरोखर किती चालतात. होळीनंतर कार्यक्रम थांबला. आजकाल पोरं मोबाइलवर बघतात, हसायचे आवाज तिथेही असतातच, कुणाचे ते कुणी विचारत नाही. मला कार्यक्रम गेल्याची खंत आहे, खोटं कशाला बोलू. शनिवारी सात वाजले की अजून चुकल्यासारखं होतं.

पण त्याआधी, जानेवारीत, रानशेतची स्पर्धा झाली. नारळ देवजीदादांकडे गेला नव्हता. कैनाडहून एक तरुण पंच आणला होता, कोऱ्या बुटांतला. मी कॅमेरा घेऊन गेले, कारण कार्यक्रमाला दोन मिनिटांचं काहीतरी दाखवायला लागायचं. खरं तर देवजीदादा येतात का हेही बघायचं होतं. ते आले होते. मैदानाच्या कडेला बांधावर गमछा अंथरून बसले होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती. एवढी गर्दी, पोरं झाडांवर चढलेली, पण ती जागा मोकळी. मी तिथेच जवळ स्टँड लावला.

दुपारच्या सामन्यात रानशेत दोन गुणांनी मागे होतं. दिनेश चढाईला गेला. त्याने कोपऱ्यातला गडी शिवला, वळताना कडेला झुकला, सावरला आणि मधली रेषा ओलांडून परत आला. नव्या पंचाने हात वर करून रानशेतला गुण दिला. गाव ओरडलं. समोरच्या संघाने पाय बाहेर गेला म्हणून आरडाओरडा केला. फक्की केव्हाच पुसली गेली होती. पंच गोंधळून दोन्हीकडे बघत राहिला.

दिनेश नाचला नाही. तो कमरेवर हात ठेवून उभा होता आणि बांधाकडे बघत होता, आपल्या मामाकडे. त्याचे सोबती त्याला ओढायला लागले तरी हलला नाही. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं तो कुठे बघतोय ते, आणि ओरडा कमी होत गेला. देवजीदादा मान खाली घालून बसले होते. ते पंच नव्हते, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. मग त्यांनी मान वर केली आणि हाताची दोन बोटं आडवी, एकावर एक, धरून दाखवली. एवढा बाहेर.

पंचाने काही म्हणायच्या आत दिनेश मैदानातून चालत बाहेर आला. कुणीतरी त्याला शिवी घातली. बाद झालेल्या गड्यांनी बसायची जागा पलीकडे होती, तिकडे तो गेला नाही. बांधावर येऊन तो मामाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत बसला. धापा टाकत होता, घोट्यावर माती होती. देवजीदादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पुढची चढाई बघत राहिले.

थोड्या वेळाने दिनेश म्हणाला, "दोनच बोटं?"

"दोन."

"आन त्या दिवशी? तलासरीला?"

"तवा बी दोनच."

दिनेशने घोट्यावरची माती हाताने झाडली.

"मना चार वाटलेली, मामा."